पहिल्या रांगेतली चाळीस मिनिटं

मी बेलीफ होते. हे वाक्य मी इतक्या दारांत उभं राहून म्हटलंय, आणि इतक्या लोकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलंय, की आता ते छापून येणार म्हटल्यावर जरा बरं वाटतंय. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात फाइल, अशी बाई दारात आली की लोकांना वाटायचं पोलिओचा डोस आला. फैजपूरला एका घरी मी "कोर्टातून आलेय" म्हणायच्या आत सासूबाईंनी दोन नातवंडं तोंड उघडून माझ्यासमोर उभी केली होती. रावेरला एका आबांनी मला जनगणनेवाली समजून घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, शिक्षणं सांगितली. मी ज्याच्या नावाचं समन्स आणलं होतं तो थोरला मुलगा मागच्या खोलीत झोपलाय, हेही सांगून टाकलं. मी समन्स बाहेर काढलं तेव्हा आबा म्हणाले, "हे आधी सांगाचं ना व माय." त्यांचा चेहरा आठवला की अजून मला ओशाळल्यासारखं होतं, आणि हसूही येतं.

माझा नवरा कोर्टात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी अनुकंपावर मला घेतलं. आधी पाणी भरलं, मग फाइलींचे बस्ते उचलले, मग बेलीफ झाले. तेव्हा आमच्या जिल्ह्यात बायका बेलीफ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वडिलांनी धरणगावहून निरोप पाठवला होता की लोकांच्या घरी जाऊन वाईट बातम्या देण्याचं काम मुलीच्या जातीला शोभत नाही. मी उलट निरोप पाठवला की पोस्टमन तेच करतो आणि त्याला लोक दिवाळीला फराळ देतात. मला पंचवीस वर्षांत कोणी करंजी दिली नाही, ते सोडा.

बेलीफ म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. न्यायाधीश साहेब हुकूम देतात. पण साहेब काही खुर्चीवरून उठून कोणाच्या घरी जात नाहीत. त्यांच्या सहीचा कागद ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात पडला, त्यानं पोहोच म्हणून सही केली, की त्या हुकमात जीव येतो. तोवर तो माझ्या पिशवीतला कागद. पाण्याची बाटली, कंगवा, डब्यातली कळण्याची भाकरी आणि त्याच्या शेजारी कोर्टाचा हुकूम. एसटीत जागा मिळाली नाही तर तोही माझ्याबरोबर उभ्यानं प्रवास करायचा. हातात देण्याच्या या कामाला आम्ही बजावणी म्हणतो.

माणूस कागद घ्यायला नाही म्हणाला तर दोन पंचांसमोर तसं लिहून घ्यायचं, किंवा कागद त्याच्या दाराला चिकटवायचा आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. नव्या नोकरीत मी चिकटवायला घरून पिठाची खळ नेत असे. एकदा धुळ्याच्या कोर्टातून आमच्याकडे बजावणीला आलेलं एक समन्स मी एका खेड्यात दाराला छान चिकटवलं आणि पंच शोधायला गेले. परत आले तर घरच्या बकरीनं निम्मं समन्स खाल्लं होतं आणि उरलेल्या निम्म्याकडे बघत ती उभी होती. मी इमानदारीत अहवाल लिहिला. आमच्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "बकरीनं खाताना पंच हजर होते का?" त्या दिवसापासून मी फेव्हिकॉल वापरू लागले.

पण खरी पंचाईत खळीची नव्हती, पंचांचीच होती. गावात चाळीस माणसं तुमच्याभोवती गोळा होतात, कोणाची जमीन, कोणाचा दावा, वकील कोण, सगळं तुम्हालाच समजावून सांगतात. तुम्ही म्हणालात, "दोन जण पंच म्हणून सही करा," की अचानक एकाला गुरं आठवतात, एकाचा चष्मा घरी असतो. पदवीधर माणसानं "मला लिहिता येत नाही" असं सांगून माझ्यासमोर अंगठा लपवलेला मी पाहिला आहे.

साधी माणसं मात्र कोर्टाचा कागद पाहिला की घाबरतात तरी. सरकारी कचेऱ्या घाबरत नाहीत. तिथं साहेब मीटिंगमध्ये असतात. आवक लिपिकाचा शिक्का हरवलेला असतो. मी एका कचेरीत तो शिक्का सापडायची वाट बघत पावणेदोन तास बसले होते, आणि लिपिक त्याच शिक्क्यानं दुसऱ्या कागदांवर ठप्पे मारत होता. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "बाई, हा दुसरा."

हे सगळं सांगायचं कारण एक चक्की आहे.

धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं माझी मुलगी दिलेली आहे. त्या गावात द्वारकाअक्काची पिठाची चक्की होती. पत्र्याची शेड, समोर विटांची भिंत, आत एक दळणाची चक्की आणि कोपऱ्यात मिरचीची वेगळी. मिरची फक्त शनिवारी, म्हणजे इतर दिवशी पिठाला तिखटाची खाट लागायला नको. निम्म्या गावाचं कळणं तिच्याकडे दळलं जायचं. ज्वारीत उडीद किती घालायचा हे बायका घरून ठरवून यायच्या आणि अक्का डब्यात हात घालून म्हणायची, "कमी शे," आणि बायका निमूट वाढवायच्या. नवरा वारल्यावर ती एकटी त्या चक्कीवर उभी राहिली होती. तिच्याकडे जुन्या ग्रामपंचायतीचा जागेचा कागद होता.

गावात नगरपंचायत आली तेव्हा तो कागद एकाएकी जुना झाला. गावाच्या तोंडाशी स्वागत कमान उभारायची ठरली आणि कमानीचा एक पाय बरोबर अक्काच्या भिंतीत येत होता. कमान दोन हात पुढं घ्यायला काही हरकत नव्हती, पण मग ती नकाशात वाकडी दिसत होती म्हणे. मुख्याधिकाऱ्यांनी चक्की अतिक्रमण ठरवली, नोटीस काढली, आणि एका मंगळवारी पाडायचं ठरवलं. अक्का वकिलाकडे गेली. वकिलानं त्याच मंगळवारी सकाळी आमच्या कोर्टात धाव घेतली. साहेबांनी कागद पाहिले आणि पुढच्या तारखेपर्यंत भिंतीला हात लावू नये असा मनाई हुकूम दिला. टाइप होऊन, सही-शिक्का होऊन तो माझ्या हातात आला तेव्हा बारा वाजून गेले होते. साहेब मला म्हणाले, "मुख्याधिकाऱ्यांच्या हातात द्या. आजच्या आज नाही, आत्ताच्या आत्ता."

मी काळीपिवळी पकडली आणि पाऊण वाजता गावात उतरले. चक्कीसमोर जेसीबी उभाच होता. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून शेंगा खात होता. नगरपंचायतीचा ओव्हरसियर मोटारसायकलवर आडवा बसला होता. मी त्याला हुकूम दाखवला. त्यानं तो हातात न घेता लांबूनच वाचला, जणू हात लावला तर बजावणी झाली असती, आणि म्हणाला, "बाई, हाऊ कागद मना कामना नही. साहेबनी दोन वाजताना टाइम देयेल शे. साहेबना फोन उना तर थांबसू."

"साहेब कुठं आहेत?"

"कालेजमां. भाषण शे त्यास्नं."

अक्का चक्कीच्या दारात उभी होती. मशीन बंद, आत सात-आठ बायका डब्यांवर हात ठेवून बसलेल्या. तिनं मला विचारलं, "कोर्टना कागद उना का?"

"आला अक्का. हा बघा."

"मंग ते आते तोडतीन नही ना?"

"नाही. मी साहेबांना देऊन येते."

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग मी दळी लेस. बाया कव्हयन्या बठेल शेतस." आणि आत जाऊन बटण दाबलं. मी कॉलेजच्या रस्त्याला लागले तेव्हा मागून चक्कीचा आवाज येत होता. मला फार बरं वाटलं होतं. आपल्या पिशवीतल्या कागदावर कोणी मशीन सुरू करतं, हे रोज घडत नाही.

कॉलेजच्या फाटकाशी रांगोळी होती आणि वर फलक: 'न्यायसंस्थेची विश्वासार्हता आणि कार्यकारी सत्ता: एकदिवसीय चर्चासत्र'. प्रमुख वक्ते, मुख्याधिकारी. आता हसू येतं, पण तेव्हा मी मनात म्हटलं, चला, विषय तरी आपलाच आहे.

हे चर्चासत्र भरवलं होतं राज्यशास्त्राच्या शिंपी सरांनी. शिंपी सर म्हणजे त्या गावातलं डोकं. सकाळच्या पेपरात त्यांचा लेख असायचा, सत्तेनं न्यायालयाचा मान कसा राखावा यावर. संध्याकाळी तेच सर गावच्या पुढाऱ्यांची भाषणं लिहून द्यायचे. पुढाऱ्यांना कमान हवी होती, सरांना पदवीधर मतदारसंघाचं आमदारकीचं तिकीट हवं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांना दोन्हीकडे खरंच पटायचं.

फाटकावरच्या मुलींना मी म्हटलं, "मी कोर्टातून आलेय." झालं. त्यांनी कोणा न्यायाधीश बाईंना आमंत्रण दिलं होतं आणि त्या येणार नव्हत्या, हे मुलींपर्यंत पोचलं नव्हतं. एकीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, दुसरीनं पदरावर बिल्ला लावला, त्याला गुलाबाचं फूल. मी "अगं, मी बेलीफ" म्हणेपर्यंत मला दंडाला धरून सभागृहात नेलं आणि पहिल्या रांगेत, कव्हर घातलेल्या खुर्चीवर बसवलं. माइकवरून जाहीर झालं की न्यायालयाच्या प्रतिनिधी मॅडम आपल्यात आल्या आहेत. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं म्हणून पक्कं सांगते.

मुख्याधिकारी नुकतेच बोलायला उभे राहिले होते. मी लगेच फाइलीतल्या कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर लिहिलं: 'मुख्याधिकारी साहेबांना कोर्टाचा मनाई हुकूम तातडीने द्यायचा आहे. चक्कीची भिंत पाडू नये.' खाली सही केली, बेलीफ. एका स्वयंसेवक मुलीनं ती चिठ्ठी शिंपी सरांना दिली, सरांनी ती वाचून मुख्याधिकाऱ्यांपुढं ठेवली. साहेबांनी बोलता बोलता चिठ्ठी पाहिली, खिशातलं पेन काढलं, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि परत सरांकडे सरकवली. माझ्याकडे पाहून मान हलवली. मी मनाशी म्हटलं, काम झालं. थांबवा असं लिहिलं असणार. भाषण संपलं की खाली येतील, सही करतील.

नियम काय सांगतो ते मला पाठ होतं. चिठ्ठी पाठवणं म्हणजे बजावणी नव्हे. हातात द्यायचं. मी उठून तीन पायऱ्या चढायला हवं होतं.

मी उठले नाही. कार्यक्रम मोडायला बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरं होतं. पण त्याहून खरं असं की इतक्या वर्षांत मला कोणी खुर्ची दिली नव्हती. दारात उभं ठेवलं होतं, कुत्रं सोडलं होतं, एकदा वरून पाणी टाकलं होतं. आणि आज दीडशे माणसं मला मॅडम म्हणत होती, पदरावर गुलाब होता, कोणी तरी काचेच्या ग्लासात लिंबू सरबत आणून दिलं होतं. मला ते फार आवडलं. मी पाठ ताठ करून बसले.

साहेब बोलत होते. "न्यायालयाचा आदेश हा माझ्यासाठी शिरसावंद्य असतो. रात्री दोन वाजता जरी आदेश आला तरी मी उठून त्याचं पालन करीन." टाळ्या. मीही वाजवल्या. एक पन्नासला ते म्हणाले, "शेवटचा मुद्दा." मग शेवटच्या मुद्द्याचे चार भाग निघाले. एक पंचावन्नला पुन्हा शेवटचा मुद्दा. मग लहानपणची एक आठवण. तिच्यात एक गुरुजी होते, ते गुरुजी फार सावकाश चालत. घड्याळात दोन वाजले तेव्हा त्याच्याकडे बघतच मी फाइलीतून हुकूम काढला. साहेबांनीही त्याच वेळी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. आणि पाच मिनिटांत भाषण आटोपलं. गुरुजी शाळेत पोचलेच नाहीत.

मी धावत स्टेजवर गेले. निवेदकाला वाटलं मी सत्कार करायला आलेय. त्यानं माझ्या हातात पुष्पगुच्छ दिला. फोटोवाला समोर आला. मी एका हातानं गुच्छ आणि दुसऱ्या हातानं हुकूम पुढं केला आणि म्हणाले, "साहेब, हा कोर्टाचा मनाई हुकूम. भिंत पाडू नका. इथं सही करा." साहेबांनी कॅमेऱ्याकडे हसून पाहिलं, हुकूम गुच्छाखाली धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "कार्यक्रम झाल्यावर, मॅडम." ते फक्त मला ऐकू यावं असं त्यांना वाटलं असणार, पण शेजारचा माइक चालू होता. सगळ्या सभागृहानं ते ऐकलं.

सही नाही म्हणजे पंच हवेत. मी शिंपी सरांकडे वळले. "सर, तुमच्यासमोर दिला. पंच म्हणून सही करा."

शिंपी सरांनी चष्मा काढला. "बाई, मी अभ्यासक आहे. अभ्यासकानं तटस्थ असावं. मी यात पडलो तर माझ्या विश्लेषणावर परिणाम होईल."

मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते फोनवर होते, आणि फोन उलटा धरलेला होता. न्यायसंस्थेचा मान या विषयाचे दीडशे जाणकार समोर बसलेले, आणि मला दोन सह्या मिळेनात. शेवटी स्टेजच्या कोपऱ्यातून माइकवाला उठला. वायरी गुंडाळत आला आणि म्हणाला, "मी करस सही. मी बठ्ठं आयकं शे, माइक चालूच व्हता." दुसरी सही वरण-बट्टी तयार आहे हे सांगायला आलेल्या आचाऱ्यानं केली. त्याच्या बोटांचं तूप त्या अहवालाला लागलं, ते शेवटपर्यंत निघालं नाही.

साहेबांनी मग लगेच फोन लावला. अगदी माझ्यासमोर, मोठ्या आवाजात. "काम ताबडतोब थांबवा. न्यायालयाचा आदेश आहे."

मी रिक्षानं गेले. समोरची भिंत गेली होती. निम्मी शेड वाकून रस्त्यावर आली होती. चक्की उघड्यावर उभी होती, तिच्यावर पिठाचा आणि विटांचा थर. बायका आपापले डबे छातीशी धरून पलीकडच्या ओट्यावर उभ्या होत्या. कोणाला लागलं नव्हतं. अक्का रस्त्यातल्या विटा उचलून एकावर एक रचत होती. मला पाहून ती थांबली.

"तू गयी व्हती ना माय?"

"गेले होते अक्का."

"कागद दिन्हा ना?"

"दिला."

तिनं माझ्या पदराकडे पाहिलं. "हाई फूल कोनी लावं तुले?"

मला तिथं रडू आलं. मी बिल्ला काढून पिशवीत टाकला आणि तिच्याबरोबर विटा रचायला लागले. सरकारी कर्मचाऱ्यानं पक्षकाराला मदत करू नये असा नियम आहे. त्या दिवशी मी सगळेच नियम उशिरा पाळत होते.

हुकूम मोडल्याचा अर्ज अक्कानं कोर्टात दिला. मुख्याधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र केलं की आदेश मला दोन वाजून पाच मिनिटांनी मिळाला, मिळताच काम थांबवलं. पुढं लिहिलं होतं की न्यायालयाबद्दल मला नितांत आदर आहे, तसं मी त्याच दिवशी जाहीर भाषणातही सांगितलं आहे. सोबत भाषणाचं कात्रण जोडलं होतं. कात्रणातल्या फोटोत मी होते, गुच्छ घेऊन, छान हसत.

आता सगळं त्या चिठ्ठीवर आलं. साहेबांना दीड वाजताच कळलं होतं, हे ती चिठ्ठीच सांगू शकत होती. आणि ती मी शेवटची पाहिली होती शिंपी सरांच्या हातात. मी कॉलेजात गेले. सर म्हणाले, "चिठ्ठ्या कोण जपून ठेवतं हो बाई?" पण बोलताना त्यांची नजर कपाटाकडे गेली. मी कचेऱ्यांमध्ये इतकी वर्षं बसलेय, नजर कुठल्या कपाटाकडे जाते ते मला कळतं.

बाहेरच्या लोकांना माहीत नसेल, पण हल्ली कॉलेजात कागदाचा कपटाही टाकून देत नाहीत. श्रेणी द्यायला समिती येते, तिला सगळ्याचा पुरावा लागतो. चर्चासत्र झालं तर पत्रिका, हजेरी, फोटो, आणि श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न, सगळं फाइलीला. मी सरांना म्हटलं, "सर, फक्त फाइल दाखवा. तटस्थपणे."  मग त्यांनी कपाट उघडलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

फाइलीत 'श्रोत्यांचे प्रश्न' असा भाग होता. माझी चिठ्ठी व्यवस्थित चिकटवलेली होती. प्रश्न क्रमांक तीन. विचारणारे: कोर्ट मॅडम. उत्तर: मान्यवरांनी आपल्या भाषणात सविस्तर दिले. आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'चर्चा करावी'. खाली आद्याक्षरं, तारीख, आणि वेळ, एक एकतीस. साहेबांनी काही मुद्दाम लिहिलं नव्हतं. वीस वर्षं पुढ्यात आलेल्या प्रत्येक कागदावर हात जे लिहीत आला तेच हातानं लिहिलं. भाषणात न्यायालयाचा मान राखणाऱ्या तोंडाला त्या हातानं काय केलं याचा पत्ता नव्हता.

साक्षीच्या दिवशी कोर्टरूम भरली होती. आधी मी पिंजऱ्यात. समोरच्या वकिलांनी विचारलं, "आपण सभागृहात किती वाजता पोचलात?"

"एक पंचवीसला."

"आदेश हातात दिलात किती वाजता?"

"दोन पाचला."

"मधली चाळीस मिनिटं आपण काय करत होतात?"

मला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, गर्दी होती म्हणा, फाटकावर अडवलं म्हणा. अक्का तिसऱ्या बाकावर बसली होती. मी म्हणाले, "पहिल्या रांगेत बसले होते. भाषण ऐकत होते. टाळ्याही वाजवल्या."

"का?"

"मला तिथं बसून बरं वाटत होतं."

कोणी हसलं नाही. न्यायाधीश साहेबांनी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. त्याबद्दल मला पुढं ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे. सगळ्या नोकरीतला एवढाच एक शेरा. मी त्याविरुद्ध अपील केलं नाही.

मग शिंपी सर. वकिलांनी चिठ्ठी दाखवून विचारलं, "ही आपण मुख्याधिकाऱ्यांना दिलीत का?" सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली की लोकशाहीत तीन सत्ता परस्परांवर अंकुश ठेवून असतात. न्यायाधीश साहेब म्हणाले, "सर, हो की नाही." सर म्हणाले की प्रश्न वरवर सोपा वाटत असला तरी. साहेब पुन्हा म्हणाले, "हो की नाही." सरांनी मागं पाहिलं. दाराशी पुढाऱ्यांची दोन माणसं उभी होती.  चष्मा काढून सर म्हणाले, "हो." आणि एकदम खाली बसले. पिंजऱ्यात खुर्ची नव्हती, ते बिचारे जमिनीवर बसले. तिकीट त्यांना मिळालं नाही. मी त्यांच्यावर खूप चिडले होते, पण तो 'हो' मी कधी विसरले नाही. दीडशे जणांत तेवढा एकच निघाला होता, तोही उशिरा. उशिराबद्दल बोलायला मी कोण?

मुख्याधिकाऱ्यांनी बिनशर्त माफी मागितली. कोर्टानं भिंत पंधरा दिवसांत पहिल्यासारखी बांधून द्यायला लावली. ज्या ओव्हरसियरनं पाडली तोच ओळंबा धरून उभा होता, आणि अक्कानं त्याला "वाकडी शे" म्हणून ती दोनदा पाडायला लावली. मुख्याधिकाऱ्यांची पुढं मोठ्या गावी बदली झाली. तिथंही ते चांगलं बोलतात, असं ऐकलं.

मी निवृत्त व्हायच्या दोन महिने आधी त्याच गावचा आणखी एक हुकूम माझ्या हातात आला. नवे मुख्याधिकारी आले होते. कमानीऐवजी आता गटार होती आणि तिचा नकाशा पुन्हा अक्काच्या भिंतीतून जात होता. मी उतरले तेव्हा चक्की बंद होती. बायका डबे घेऊन आत बसल्या होत्या, रस्त्यात जेसीबी होता. मी पिशवीतून कागद काढायला लागले तर अक्कानं हात आडवा केला.

"माले दखाडू नको," ती म्हणाली. "पहिले त्यास्ले देई ये. मंग मी बटन दाबसू."

मी तशीच वळले. नगरपंचायतीत साहेबांच्या दारावर शिपाई म्हणाला, मीटिंग चालू आहे. मी दार ढकलून आत गेले आणि टेबलावरच्या नकाशावर हुकूम ठेवला. नव्या साहेबांनी सही केली, आणि मी न सांगताच खाली वेळही टाकली. परत आले तेव्हा अक्का बटणाखालीच पाटावर बसलेली होती. मी पोहोच तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नाही, पण आकडे येतात. तिनं सहीखालच्या वेळेवर बोट ठेवलं.

"बारा वीस," ती म्हणाली. "आनि तू आठेन कव्हय निंघनी व्हती?"

"बारा दहाला, अक्का."

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. मग उठली, हात लुगड्याला पुसले आणि बटण दाबलं.